पाळकसाहेब, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?

प्रति,
महाराष्ट्रातल्या आणि परदेशातल्या मराठी मंडळ्यांचे पाळक, पंच कमिट्यांचे सभासद, महिला मंडळांचे व तरुण संघांचे पदाधिकारी यांस,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

एका मंडळीच्या वार्षिक सभेत यंदा एक साधा ठराव आला होता. आपल्याच मंडळ्यांतून परदेशी गेलेली काही जोडपी भारतातून मूल दत्तक घेण्यासाठी रांगेत आहेत. त्यांना कागदपत्रांसाठी मदत करायला दोन माणसे नेमावीत आणि जुनी रजिस्टरे लावून घ्यावीत, एवढेच त्यात होते. खर्च जवळपास शून्य. पाच मिनिटांत निकाल लागला: "हा त्यांचा कौटुंबिक प्रश्न आहे, आपण प्रार्थनेत ठेवू." मंडळीचे नाव घेत नाही, कारण हे वाक्य दुसऱ्या कितीतरी पंच कमिट्यांच्या कार्यवृत्तात बिनबोभाट खपून जाईल.

हे पत्र लिहिणाऱ्यांपैकी काही स्वतः या रांगेत आहेत, काही रांगेतल्यांची कागदपत्रे लावून देतात. प्रार्थनेबद्दल आमची तक्रार नाही. 'आमेन' म्हणून उठल्यावर करायचे काय, याची मंडळीला माहिती नाही आणि ती करून घ्यायचीही इच्छा नाही, याबद्दल आहे.

सगळ्यात जास्त कानावर पडणारे वाक्य म्हणजे "देवाच्या वेळेची वाट पाहा." पाहतोच आहोत. पण ही वाट एकच नाही, तिचे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर अडणारी गोष्ट वेगळी. परदेशात राहणाऱ्या जोडप्याला भारताच्या दत्तक-नोंदणीच्या पोर्टलवर रहिवाशासारखी थेट नोंदणी करता येत नाही. त्या देशातली मान्यताप्राप्त संस्था किंवा तिथले केंद्रीय प्राधिकरण यांच्यामार्फत जावे लागते. आधी गृहअभ्यास अहवाल: समाजसेविका घरी येते, दोघांशी एकत्र आणि वेगवेगळे बोलते, उत्पन्न, आजारपण, लग्नातली भांडणे, मूल हवे असण्याचे कारण, अडीनडीला धावून येणारी माणसे, सगळे विचारते. मग पोलिसांचा दाखला, वैद्यकीय दाखले, लग्नाचा दाखला, ओळखीच्यांची दोन शिफारसपत्रे. हे सारे भारतात कारा या केंद्रीय संस्थेकडे नोंदवले की खरी रांग सुरू होते. ती वर्षांची असते आणि त्या काळात करण्यासारखे काहीच नाही, असे लोकांना वाटते.

तिथेच चूक होते. रांगेत उभे असताना कागद शिळे होतात. भारतीय नियमांप्रमाणे गृहअभ्यास अहवाल तीन वर्षे चालतो. अमेरिकेतल्या जोडप्याची आय-८००ए ही, म्हणजे जोडपे दत्तकासाठी योग्य असल्याची तिथल्या सरकारची, मंजुरी मात्र १५ महिन्यांचीच. म्हणजे भारताच्या बाजूने सगळे ठीक असताना अमेरिकेच्या बाजूची मुदत संपून बसते. वाढवून घ्यायची तर अहवाल अद्ययावत करा, बोटांचे ठसे पुन्हा द्या. मध्येच नोकरी बदलली, घर बदलले, घरात सासूबाई राहायला आल्या, तरी अहवालाला पुरवणी जोडावी लागते. फाइल अडकली की मंडळीत म्हणतात, प्रभू परीक्षा पाहतो आहे. पुष्कळदा परीक्षा कसलीच नसते. मुदत संपलेली असते आणि कुणी कॅलेंडर पाहिलेले नसते.

पुढचा टप्पा सगळ्यात अवघड, आणि मंडळीला वाटते आता सुटले. मुलाचा फोटो, अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल येतो. उंची, वजन, डोक्याचा घेर, रक्ततपासण्या, डॉक्टरांच्या हस्ताक्षरातली एखादी न लागणारी ओळ. मूल राखून ठेवण्याची मुदत तासांत मोजतात. तेवढ्या वेळात बालरोगतज्ज्ञ गाठून तो अहवाल वाचून घ्यायचा असतो. होकार दिल्यावर स्वीकारणाऱ्या देशाचे संमतिपत्र, काराचे ना हरकत प्रमाणपत्र, मग जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. कायद्यात त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे, पण नावातल्या एका अक्षराची शंका निघाली तरी फाइल परत फिरते. आदेशानंतर हेग कराराच्या (आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) २३व्या कलमाखालचे प्रमाणपत्र, नव्या आईवडिलांच्या नावाचा जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा. इकडे फोटोतले मूल वाढत असते. त्याच्यासाठी घेतलेल्या सँडल ते येईपर्यंत होत नाहीत, हे ठरलेलेच. जाणती माणसे दोन मापे मोठे घेतात.

आता आमच्या तक्रारी.

सर्वात मोठी तक्रार रजिस्टरांची. आपल्याकडचे लग्न १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागते. पाळक नोंद करतात, साक्षीदार सह्या करतात, त्याचा उतारा हाच लग्नाचा पुरावा. वीस वर्षांनी तोच उतारा मागायला गेले की पाळक बदलून गेलेले, रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी मुलीकडे गेलेले. उतारा मिळालाच तर त्यात नाव 'शमुवेल', पासपोर्टवर 'सॅम्युअल', शाळेच्या दाखल्यावर 'सामुएल'. बाप्तिस्म्याच्या नोंदीत 'योहान' असलेला माणूस बँकेत 'जॉन' असतो. नवरीचे लग्नानंतरचे नाव एका कागदावर वडिलांच्या नावासह, दुसऱ्यावर नवऱ्याच्या. आपल्याला हे कळते, आपण हसून सोडून देतो. दूरच्या देशातल्या कारकुनाला ती दोन वेगळी माणसे वाटतात आणि त्याचेही चूक नाही. मग दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, त्याचे नोटरीकरण आणि अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून सरकारचा शिक्का. ही साखळी तोडायचा सोपा उपाय म्हणजे लग्नाची नागरी नोंदणी वेळेवर करून घेणे. लग्नाआधीच्या समुपदेशनात आपण जोडप्यांना क्षमाशीलतेवर तीन पाठ देतो. एक पाठ नावाच्या स्पेलिंगवर द्यायला काय हरकत आहे?

दुसरी तक्रार शिफारसपत्रांची. पाळकांकडे पत्र मागितले की एक तर महिना जातो, नाही तर पत्र येते ते असे: "हे कुटुंब प्रभूला भिऊन चालणारे असून येणाऱ्या लेकराला तारणाच्या मार्गावर आणतील याची मला खात्री आहे." हेतू चांगला असेल, पण वाचणाऱ्याला त्यातून दिसते की मूल हवे आहे ते धर्मासाठी. मग समाजसेविका पुन्हा येते आणि मुलाने पुढे आपली श्रद्धा स्वीकारली नाही तर काय कराल, हे खोदून विचारते. तो प्रश्न रास्तच आहे. पत्र असे हवे: मंडळीच्या लेटरहेडवर, तारखेसह, संपर्क क्रमांकासह. या दोघांना मी इतकी वर्षे ओळखतो. अमुक वर्षी त्यांच्या घरात आजारपण होते, तेव्हा ती दोघे अशी वागली. रविवारच्या शाळेत बाई इतकी वर्षे शिकवते, मुले तिच्याकडे जातात. मूल आल्यावर अडीअडचणीला मंडळीतली ही माणसे हाकेच्या अंतरावर आहेत. एक पान पुरे. वचने नकोत, आणि माहीत नाही ते लिहू नये. पत्र कोऱ्या लेटरहेडवर सही करून "तुम्हीच भरा" म्हणून देणारेही आहेत. ते तर मुळीच करू नका.

तिसरी तक्रार चुकीच्या सल्ल्यांची. वडीलधारी माणसे अजून ठासून सांगतात की ख्रिस्ती माणसाला दत्तक घेताच येत नाही. एके काळी ते जवळजवळ खरे होते. १९५६चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शिखांपुरता. आपल्याला १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली पालकत्व मिळायचे, मूल पाल्य राहायचे आणि वारसाहक्काचा प्रश्न लोंबकळत राहायचा. तो काळ गेला. बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०१४च्या शबनम हाश्मी प्रकरणात ते स्पष्ट केले. २०१५च्या कायद्यात भारतात राहणाऱ्यांसाठी आणि परदेशात राहणाऱ्यांसाठी 'धर्म कोणताही असो' हे शब्दच घातले आहेत. दत्तक मूल पोटच्या मुलासारखे, वारसासकट. हे मंडळीत एकदा वाचून दाखवा, कारण जुन्या समजुतीपायी कित्येक जोडपी नोंदणीच करत नाहीत.

आणि नोंदणी लांबवणे महागात पडते. २०२२च्या नियमांत दोघांच्या वयाची बेरीज पाहतात: दोन वर्षांखालच्या मुलासाठी जास्तीत जास्त ८५, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००, आठ ते अठरासाठी ११०. नवरा ४३, बायको ४१, बेरीज ८४. त्यांना आपण म्हणतो, आणखी एक वर्ष उपास-प्रार्थना करा, देवाचा होकार घ्या. वर्षभराने बेरीज ८६. बेरीज दर वर्षी एकाने नाही, दोनने वाढते. मोठ्या मुलाचा आईबाप होण्यात कमीपणा मुळीच नाही, पण तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला असावा, कॅलेंडरने घेतलेला नसावा.

याहून घातक सल्ले कुजबुजीतले. "अमुक नर्सिंग होममध्ये आपली नर्स आहे, एक बाळ आहे." "इथल्या काकांच्या पत्त्यावर रहिवासी म्हणून नोंदवा, मग घेऊन जा." पहिला सरळसरळ गुन्हा आहे. कायद्याची प्रक्रिया टाळून मूल दिले-घेतले तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि पैशांचा व्यवहार असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. रुग्णालयातल्या माणसाला त्याहून जास्त. दुसऱ्यात खोटे बोलणे आहेच, वर त्या मुलाकडे आंतरदेशीय दत्तकाची कागदपत्रे नसतात. हेग करारातल्या देशाचा व्हिसा तिथेच अडतो आणि मूल इकडे, आईबाप तिकडे, असे होऊन बसते. दोन्ही सल्ले देणारी माणसे सहसा मंडळीतली भली माणसे असतात, हे वाईट वाटून लिहितो.

फोटोंचे तर काय सांगावे. आईबापांनी विश्वासाने एका बहिणीला दाखवलेला मुलाचा फोटो संध्याकाळपर्यंत प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, नावासह, संस्थेच्या गावासह, "या लेकरासाठी मध्यस्थी करा" म्हणून. आदेश होईपर्यंत ते मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल आहे. त्याची ओळख उघड करणे बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाखाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी, त्या मुलाची पहिली कहाणी त्याची स्वतःची आहे. ती शंभर मोबाइलांत त्याच्या आधी पोचायला नको. देवाला ग्रुपवर फोटो लागत नाही.

तसेच पैशांचे. नाताळात ग्रुपमध्ये वर्गणी काढून थेट मुलाच्या संस्थेला पाठवायची टूम निघते. आंतरदेशीय दत्तकासाठी ठरलेली रक्कम ५,००० अमेरिकी डॉलर आहे, ती रीतसर पावतीने भरायची. त्यावर देणगी मागणे किंवा देणे, दोन्ही नियमात बसत नाही. तुमच्या प्रेमाचे पाकीट उद्या लाचेसारखे दिसते. मदत करायची तर जोडप्याला विमानाच्या तिकिटासाठी करा, भाषांतराच्या खर्चासाठी करा.

आता जे लिहायला हात अडखळतो ते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. त्याच परंपरेचे नाव घेऊन आपल्या मंडळ्या वसतिगृहे आणि बालगृहे चालवतात. त्यांतली बहुतेक मुले दत्तकासाठी नसतात. त्यांना आईबाप असतात, गरिबीपायी ठेवलेली असतात, त्यांना घरी परत पाठवणे हेच खरे काम. पण काही मुलांकडे कित्येक वर्षांत कुणी फिरकलेलेच नसते. त्यांची केस बाल कल्याण समितीपुढे जात नाही, कारण 'आपली मुले' बाहेर जातील ही भीती, किंवा संस्थेची नोंदणीच नाही म्हणून. नोंदणी सक्तीची आहे, न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड. समितीपुढे मूल आले की चौकशी होते, आईबापांचा शोध घेतला जातो. दोन वर्षांखालच्या मुलाबाबत दोन महिन्यांत आणि मोठ्याबाबत चार महिन्यांत ते दत्तकासाठी कायद्याने मोकळे आहे की नाही ते ठरवायचे असते. हे झाल्याशिवाय ते मूल रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचतच नाही. मोकळे झालेले मूल साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय कुटुंबात गेले नाही, तर ते आंतरदेशीय दत्तकासाठी खुले होते. त्यातही परदेशी भारतीय नागरिक (ओसीआय कार्डधारक) आणि भारतीय वंशाच्या लोकांना प्राधान्य असते. म्हणजे एका बाजूला आपलीच जोडपी वर्षानुवर्षे वाट पाहतात आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच वसतिगृहातले मूल सहाचे अकरा वर्षांचे होते. आणि चर्चच्या पायरीवर कुणी तान्हे ठेवले, तर चोवीस तासांच्या आत १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, पोलीस किंवा समितीला कळवणे बंधनकारक आहे. "कुणाला तरी देऊ" हा विचारही मनात आणू नये.

विश्वासाबद्दल थोडे, कारण पत्र पाळकांना आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावर आपण दत्तकपणाचे संदेश देतो, 'अब्बा, बापा' पर्यंत येऊन थांबतो. तेविसाव्या वचनात पौल दत्तक होण्याची वाट पाहण्याविषयी बोलतो आणि त्याच दमात कण्हण्याविषयी. वाट पाहणे आणि कण्हणे त्याने एकत्र ठेवले. आपण मात्र कण्हणाऱ्याला विश्वासात कमी ठरवतो. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा विचारतो, किती काळ? ते स्तोत्र आपल्या उपासनेत शेवटचे कधी वाचले गेले? बायबलमधल्या निपुत्रिक हन्नाचे उदाहरण तर हमखास निघते. ते देणारे एक विसरतात: मंदिरात रडणाऱ्या हन्नाकडे पाहून एली याजकाला वाटले, बाई प्यालेली आहे. आणि हन्नाची गोष्ट मूल पोटी येण्याची आहे. रांगेतल्या बाईला ती ऐकवली की तिच्या कानी एवढेच पडते की खरा चमत्कार तो, तुझे दुसऱ्या क्रमांकाचे. मोशे फारोच्या मुलीकडे वाढला, एस्तेरला मर्दखयाने वाढवले. उदाहरणे कमी नाहीत. मातृदिनाला आयांना उभे करून गुलाब देतो, तेव्हा फोटो हाती आलेली पण मूल न आलेली बाई उठावे की बसावे या विचारात बाकावर चुळबुळते. गुलाब दारात ठेवा, ज्याला हवा तो घेईल.

मूल घरी आल्यावरही घाई नको. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे सहा अहवाल भारतात जातात. त्यांत मूल कसे रुळते आहे ते पाहतात. पाच वर्षांचे मूल, भाषा नवी, माणसे नवी, जेवण नवे, आणि पहिल्याच रविवारी त्याला वेदीसमोर उभे करून टाळ्या? लगेच बाप्तिस्मा, लगेच 'गणेश'चा 'ग्रेगरी'? नाव ही त्याच्याबरोबर आलेली एकच जुनी वस्तू असू शकते. पहिले काही महिने त्याला आईबापांखेरीज कुणी उचलून घेऊ नये, कुणी भरवू नये. मायेपोटीही नाही. कोणाकडून घास घ्यायचा हे त्याला आधी ठरवू द्या. मंडळीने करायचे ते एवढेच: डबा दारात ठेवा आणि निघा.

आमच्या मागण्या अशा:

प्रत्येक मंडळीने लग्न आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरांची यादी करून स्कॅन प्रत ठेवावी. उतारा मागितल्यापासून सात दिवसांत द्यावा. किल्ली दोघांकडे असावी आणि त्यांची नावे सूचनाफलकावर लावावीत.

शिफारसपत्र दहा दिवसांत, वर सांगितलेल्या नमुन्याप्रमाणे द्यावे. देता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. नकार चालतो, टाळाटाळ नाही.

मंडळीत कागदपत्रांची माहिती असलेली दोन माणसे नेमावीत. त्यांनी जोडप्याच्या प्रत्येक दाखल्याची संपण्याची तारीख लिहून ठेवावी आणि तीन महिने आधी आठवण करावी.

प्रार्थनाग्रुपवर कोणत्याही मुलाचा फोटो, नाव किंवा संस्था टाकू नये. आधी टाकलेले आजच काढावे.

मंडळीशी संबंधित प्रत्येक वसतिगृहाने नोंदणी क्रमांक आणि गेल्या वर्षभरात कुणीही भेटायला न आलेल्या मुलांची संख्या पुढच्या वार्षिक सभेत सांगावी. नावे नकोत, फक्त संख्या. त्या प्रत्येक मुलाची केस बाल कल्याण समितीपुढे गेली की नाही, तेही सांगावे.

सभेत फेटाळलेला तो ठराव पुन्हा विषयपत्रिकेवर घ्यावा. तोवर, येत्या रविवारी भक्तीनंतर कुणीतरी कपाट उघडून द्यावे. १९९८ ते २००६ ची लग्नांची रजिस्टरे हवी आहेत. चार कुटुंबांचे उतारे त्यांत आहेत आणि त्यांतल्या एकाची मुदत महिनाअखेरीस संपते. स्कॅनर आम्ही घेऊन येऊ.

ख्रिस्तामध्ये आपले,
रांगेतले काही आणि त्यांची कागदपत्रे लावणारे काही सभासद